विजेवरच्या गाडीत काच धुण्याचे पाणी इतके का संपते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ वाघोलीत राहणाऱ्या आणि रोज नगर रस्त्याने रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ये-जा करणाऱ्या एका वाचकांची विजेवर चालणारी छोटी एसयूव्ही दीड वर्षाची आहे. तिची वॉशरची टाकी आठ-दहा दिवसांत रिकामी होते आणि पाणी कमी असल्याची सूचना पडद्यावर येते. आधीच्या पेट्रोल गाडीत भरलेली टाकी महिनाभर सहज पुरत असे. सर्व्हिस सेंटरने दोनदा गाडी पाहून ‘कुठेही गळती नाही’ असा निर्वाळा दिला आहे आणि पार्किंगमध्ये गाडीखाली डबकेही दिसत नाही. पाणी जाते तरी कुठे, आणि गाडी विजेची असल्यामुळे यात काही धोका आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

धोक्याचा भाग आधी निकालात काढू. काच धुण्याची यंत्रणा पेट्रोल गाडीत असते तशीच विजेच्या गाडीतही असते: प्लॅस्टिकची टाकी, तिच्या तळाशी १२ व्होल्टवर चालणारा लहानसा पंप, बारीक नळ्या आणि शेवटी नोझल. गाडी पळवणारी मोठी बॅटरी, तिच्या उच्च विद्युतदाबाच्या नारंगी केबली किंवा तिला थंड ठेवणारे कूलंट यांच्याशी या यंत्रणेचा काही संबंध नसतो. त्यामुळे टाकी लवकर संपते म्हणजे बॅटरीत काही बिघाड असेल, ही शंका मनातून काढून टाकावी. दोन बाबतींत मात्र हयगय करून चालत नाही. पाणी गाडीच्या आत, म्हणजे छताच्या अस्तरात किंवा डिकीत झिरपत असेल तर, आणि गळणारा द्रव वॉशरचा नसून कूलंट असेल तर. या दोन्हींकडे पुढे येतो.

सर्व्हिस सेंटरचे उत्तर खोटे असेलच असे नाही, पण ते अपुरे आहे. गाडी लिफ्टवर चढवून खालून ठिबक दिसते का एवढेच पाहिले, तर पंप चालू असतानाच गळणारी नळी सापडत नाही. आणि पाणी मुळात गळत नसून वापरलेच जात असेल, तर लिफ्टवर काहीच दिसणार नाही. म्हणून माझा आग्रह असा असतो की गळती शोधायला निघण्याआधी पाणी मोजावे. वापरले गेलेले पाणी आणि वाया गेलेले पाणी यांचा हिशेब वेगळा झाला की निम्मे काम झालेले असते, आणि त्यासाठी मिलिलिटरच्या खुणा असलेल्या एका भांड्यापलीकडे काहीही लागत नाही.

गाडी सपाट जागी उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरा. मग स्टिअरिंगजवळची वॉशरची दांडी दोन-दोन सेकंद ओढून, दर वेळी थोडा वेळ जाऊ देऊन, एकूण वीस सेकंद फवारा मारा. सलग मारू नका, कारण हा पंप सलग चालण्यासाठी बनवलेला नसतो आणि कोरडा चालला तर लवकर जळतो. आता मापाच्या भांड्याने टाकी पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरा आणि जितके पाणी लागले त्याला २० ने भागा. हा तुमच्या गाडीचा दर सेकंदाचा खर्च झाला. दोन नोझल असलेल्या बहुतेक लहान गाड्यांत तो ढोबळमानाने २० ते ४० मिलिलिटरच्या दरम्यान येतो.

समजा तो ३० मिलिलिटर आला. टाकी अडीच लिटरची असेल आणि अर्धा लिटर उरल्यावर सूचना येत असेल, तर दोन सूचनांच्या मध्ये तुमच्या हाती दोन लिटर, म्हणजे जेमतेम ६६ सेकंदांचा फवारा असतो. जाताना चार सेकंद आणि येताना चार सेकंद एवढाच वापर धरला, तरी रोजचे २४० मिलिलिटर होतात आणि आठव्या-नवव्या दिवशी पडद्यावर दिवा लागतो. म्हणजे तुमचे आठ-दहा दिवस काहीही न बिघडता गणितात बसू शकतात. आधीच्या गाडीशी केलेली तुलनाही दिवसांत न करता लिटरमध्ये करावी. दीड लिटरपासून पाच लिटरपर्यंत वेगवेगळ्या मापाच्या टाक्या गाड्यांत असतात, आणि विजेच्या गाडीत पुढच्या भागात चार्जर, इन्व्हर्टर, मोटर आणि काही ठिकाणी सामानाचा कप्पाही बसवायचा असल्याने टाकी उरलेल्या कोपऱ्यात, बहुधा पुढच्या चाकाच्या कमानीमागे किंवा बंपरच्या आत गेलेली असते. आधीच्या गाडीत सूचनाच येत नसेल, तर टाकी खरोखर किती दिवस पुरत होती हेही आठवणीवरच अवलंबून आहे.

दुसरी मोजणी उभ्या गाडीची. टाकी भरून पातळीवर खूण करा किंवा फोटो काढून ठेवा आणि शनिवार-रविवार गाडी न हलवता, काच न धुता तशीच ठेवा. पुढच्या भागाखाली रद्दीचे कागद किंवा मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सोमवारी पातळी उतरली असेल तर गळती स्थिर आहे, म्हणजे टाकीत, पंपाच्या बुडात किंवा टाकीच्या पातळीखालच्या नळीत आहे. पातळी जागच्या जागी असेल, पण पहिल्या मोजणीत दर सेकंदाचा आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला असेल आणि फवारा मात्र मरगळलेला असेल, तर पाणी दाबाखालीच कुठेतरी दुसरीकडे जाते आहे. दोन्ही मोजण्या ठीक आल्या, तर पाणी वापरले जात आहे. फक्त ते कोण वापरतो आहे हे पाहायचे उरते.

मोजताना दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली म्हणजे टाकी भरल्यासारखी वाटते, पण भरलेली नसते. टाकी खाली कोपऱ्यात आणि तोंड वर बॉनेटखाली असल्याने मधला गळा लांब, अरुंद आणि वळणाचा असतो. पाच लिटरचा कॅन उपडा करून भसाभस ओतले की आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, पाणी गुळगुळ करत तोंडापर्यंत येते आणि आपण झाकण लावून मोकळे होतो. तोंडाची जाळी गाळाने माखली असेल तर हे आणखी लवकर होते. अशी टाकी चार दिवसांत संपली तर त्यात नवल काही नाही. बारीक धारेने ओतावे, मध्ये मिनिटभर थांबावे आणि पाणी खाली बसल्यावर पुन्हा ओतावे.

दुसरी फसवणूक पातळी सांगणाऱ्या सेन्सरची. काही गाड्यांत तरंगणारा लोलक असतो. तो शेवाळाने किंवा क्षारांनी अडकला की भरलेल्या टाकीलाही रिकामी म्हणतो. काही गाड्यांत दोन धातूच्या टोकांमधून पाण्याची विद्युतवाहकता पाहिली जाते, आणि इथे एक गमतीची अडचण येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर कोणी काळजीपूर्वक टाकीत भरले, तर त्यात क्षार जवळपास नसल्याने ते वीज वाहून नेत नाही, आणि गाडी पाणी नसल्याची सूचना देत राहते. त्यात वॉशरचे योग्य द्रावण मिसळले की सूचना जाते. म्हणून सूचना आली की लगेच पाणी ओतू नये. किती पाणी मावले ते मोजावे. बारीक धारेने ओतूनही अडीच लिटरच्या टाकीत तीनशे मिलिलिटरच मावले, तर दोष सेन्सरचा आहे.

आता वापराकडे वळू. नव्या गाड्यांत काच फक्त चालकच धुतो असे राहिलेले नाही. समोरच्या काचेच्या वरच्या भागात, आरशामागे, चालक-साहाय्य यंत्रणेचा कॅमेरा असतो आणि काही गाड्यांचे सॉफ्टवेअर त्याच्यासमोरची काच मळल्याचे दिसले की स्वतःहून फवारा मारते. मागच्या कॅमेऱ्याला वेगळे छोटे नोझल असेल तर त्याचे पाणीही याच टाकीतून जाते. तुमच्या गाडीत यांपैकी काय आहे ते मालक-पुस्तिकेत आणि पडद्यावरच्या वायपरच्या सेटिंगमध्ये पाहा, आणि शक्य असेल तर आठवडाभर ती सोय बंद ठेवून खर्च पुन्हा मोजा. युरोपच्या नियमांनुसार २००० ल्युमेनपेक्षा प्रखर प्रकाशस्रोत असलेल्या हेडलॅम्पना धुण्याची सोय लागते. ती असलेल्या महागड्या गाड्यांत दिवे लागलेले असताना ठरावीक फवाऱ्यांनंतर हेडलॅम्पही धुतले जातात आणि एका वेळेला बरेच पाणी जाते. आपल्याकडच्या छोट्या एसयूव्हींत बहुधा हा प्रश्न येत नाही.

मात्र मागच्या काचेचा प्रश्न येतो, आणि तुमच्या वर्णनाशी सर्वांत जास्त जुळणारा दोष मला इथेच दिसतो. मागे वायपर असलेल्या अनेक गाड्यांत पुढच्या आणि मागच्या काचेसाठी मिळून एकच पंप असतो. त्याला दोन तोंडे असतात. मोटर एका दिशेने फिरली की पाणी पुढे जाते, उलट फिरली की मागे, आणि जे तोंड नको असेल ते आतला एक पातळ रबरी पडदा दाबून बंद ठेवतो. हा पडदा उन्हाने कडक झाला, किंवा बोअरच्या पाण्यातला क्षाराचा कण त्याच्या बैठकीवर बसला, की तो नीट मिटत नाही. मग पुढची काच धुताना प्रत्येक वेळी थोडे पाणी मागच्या नळीतही ढकलले जाते. पुढचा फवारा थोडा कमजोर होतो, त्यामुळे आपण दांडी अधिक वेळ धरतो, आणि मागच्या काचेवर ओघळलेले पाणी गाडी चालवताना कोणाला दिसतही नाही. गळती शोधणाऱ्या कारागिराला यात गळती सापडणार नाही, कारण सगळे पाणी नळ्यांतूनच जाते आहे. परीक्षा अगदी सोपी आहे. मागची काच कोरडी पुसा, एकाला मागे उभे करा आणि पुढचा फवारा पाच-सहा वेळा मारा. मागच्या नोझलच्या टोकाशी थेंब जमला किंवा काचेवर ओघळ आला, तर पंप बदलावा. उलट परीक्षाही करावी: मागचा फवारा मारताना पुढे थेंब येतो का ते पाहावे. पंप दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, तो महाग भाग नाही.

या परीक्षेत विजेची गाडी आपल्याला एक फायदा देते. इंजिनाची घरघर नसल्याने पंपाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. बॉनेट उघडून दुसऱ्याला दांडी ओढायला सांगा. पाणी भरलेल्या पंपाची गुणगुण जड आणि एकसारखी असते. हवा ओढणारा पंप मोकळा, चढ्या सुरात पळतो. दांडी ओढल्यावर गुणगुण लगेच सुरू होते पण पाणी नोझलपर्यंत यायला दोन-तीन सेकंद लागतात, असे असेल तर नळीतला एकमार्गी व्हॉल्व्ह गेलेला असतो आणि उभ्या गाडीत नळीतले पाणी टाकीत परत उतरते. यात पाणी वाया जात नाही, पण वाट पाहून कंटाळलेला हात दांडी सोडत नाही आणि वापर वाढतो. दांडीला हात न लावताही गुणगुण ऐकू आली, तर दांडीचा स्विच चिकटतो आहे. हे क्वचित घडते.

चालकाच्या सवयी हा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. वाघोलीच्या दगडखाणी आणि बांधकामे, नगर रस्त्यावरची अवजड वाहने आणि पावसाळ्यात त्यांच्या चाकांमागून उडणारा चिखल लक्षात घेतला, तर या मार्गावरच्या गाडीला पाणी जास्त लागणारच. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या काचेवर दव आणि धूळ मिळून जो थर बसतो, तो सकाळी फवाऱ्याने काढायला गेले तर एका वेळेला पाव लिटर पाणी जाते, आणि बारीक खडीवरून वायपर फिरल्याने काचेवर कमानी उमटतात त्या वेगळ्याच. तो थर ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसावा. वायपरचे रबर आपल्या उन्हात वर्ष-दीड वर्षात कडक होते. पाते सरकताना पट्टे सोडत असेल, तर चालक प्रत्येक पट्ट्यासाठी नवा फवारा मारतो. तुमची गाडी दीड वर्षाची आहे, त्यामुळे पाती अजून कंपनीचीच असतील तर आधी ती बदला.

विजेच्या गाडीच्या मालकांमध्ये आणखी एक सवय दिसते, आणि ती पेट्रोलवाल्यांत नसते. रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, वाचवण्यासाठी पावसाळ्यात एसी बंद ठेवला जातो, मग काचेवर आतून दमट पडदा धरतो, आणि समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसू लागले की हात नकळत वॉशरच्या दांडीकडे जातो. बाहेरून कितीही पाणी मारले तरी आतला दमटपणा जाणार नाही. नव्या गाडीच्या डॅशबोर्डमधून उन्हात सुटणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूला एक तेलकट थरही बसवते. तो रात्री समोरून दिवे आले की बाहेरच्या मळासारखाच दिसतो. बोटाने आतून एक रेघ ओढून पाहा. रेघ स्वच्छ दिसली, तर तुमचे पाणी चुकीच्या बाजूला खर्च होत आहे. एसी काचेकडे वळवून काही मिनिटे चालवल्याने रेंज जेवढी कमी होते तेवढी सुरक्षिततेसाठी द्यावीच.

नोझलची दिशाही तपासा. गाडी उभी असताना फवारा काचेच्या मधोमध पडतो म्हणून आपण समाधानी असतो, पण ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला तिरप्या काचेवरून वाहणारी हवा पाण्याला वर ढकलते. नोझल जरा जरी वर वळलेले असेल तरी निम्मे पाणी छतावरून मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाते, आणि त्याचे त्याबद्दलचे मत आपल्यापर्यंत पोहोचत नाही. गोळीच्या आकाराचे नोझल बारीक टाचणीने फिरवता येते. पंख्यासारखा फवारा मारणाऱ्या नोझलला जबरदस्ती करू नये, काहींना बाजूला फिरवायचा स्क्रू असतो आणि काहींना तोही नसतो. काही महाग गाड्यांत हा प्रश्नच मिटवलेला आहे: मर्सिडीझने २०१२ मध्ये आणलेल्या एसएलमध्ये पाणी थेट वायपरच्या पात्यातून काचेवर सोडले जाते, त्यामुळे ते हवेत उडत नाही आणि कमी लागते.

मोजणीत खरोखरच गळती निघाली तर पहिला प्रश्न असा विचारावा की पातळी कुठे येऊन थांबते. टाकी पूर्ण रिकामी होत असेल, तर दोष तळाशी, म्हणजे पंप ज्या रबरी ग्रॉमेटमधून (भोकात बसवलेल्या कड्यातून) टाकीत खुपसलेला असतो तिथे असण्याची शक्यता मोठी. पातळी दर वेळी एकाच उंचीवर येऊन थांबत असेल, तर भोक किंवा चीर त्या उंचीवर आहे. अनेकदा तो सेन्सरचा ग्रॉमेट असतो. पुढचा बंपर कधी काढला गेला असेल, एखाद्या किरकोळ धडकेनंतर रंगकाम झाले असेल, तर टाकी जिथे स्क्रूने बसवतात तो तिचा कान तुटलेला किंवा पंप वाकडा बसलेला असू शकतो. ग्रॉमेटभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून पंधरा मिनिटांनी पाहिले की उत्तर मिळते. झाकणाकडेही लक्ष द्या. बिजागरीतून तुटलेले किंवा नीट न बसणारे झाकण असेल, तर भरलेल्या टाकीतले पाणी जोरात ब्रेक मारताना आणि खड्ड्यांत हिंदकळून बाहेर पडते.

गाडीखाली डबके नाही म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष विजेच्या गाडीत विशेष धोक्याचा ठरतो. हवेचा अडथळा कमी करण्यासाठी अशा बऱ्याच गाड्यांचा तळ पुढपासून सपाट प्लॅस्टिकच्या पत्र्यांनी झाकलेला असतो. टाकीतून गळलेले पाणी त्या पत्र्यावर साचते आणि गाडी निघाली की पहिल्या उतारावर किंवा गतिरोधकावर सोसायटीच्या फाटकाबाहेर सांडते. वरच्या नळीची गळती तर त्याहून लपलेली असते: वायपरच्या खालच्या प्लॅस्टिकच्या पन्हळीत नळी सुटली असेल, तर पाणी पावसाच्या पाण्याच्याच वाटेने चाकाजवळ उतरते. बॉनेटच्या आतल्या बाजूचे कापडी अस्तर हाताने दाबून पाहा. नळी दोन नोझलकडे फुटते त्या टी-जोडाजवळ ते ओले लागले की शोध संपला.

उंदरांचा उल्लेख करावाच लागतो. इंजिन तापत नाही म्हणून विजेच्या गाडीत उंदीर येत नाहीत, हा समज खरा नाही. बंद, कोरडी, कुत्र्या-मांजरांपासून सुरक्षित जागा त्यांना तिथेही मिळते, आणि वॉशरची मऊ नळी त्यांच्या दातांना सहज सापडते. नळीवर दोन समांतर बारीक खाचा, आसपास लेंड्या किंवा कुरतडलेले अस्तर दिसले, तर फक्त नळी बदलून थांबू नका. जवळच्या वायरिंगची आणि नारंगी केबलींच्या आवरणाची तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घ्या. त्या केबलींना स्वतः हात लावू नका. उंदरांनी केलेले नुकसान वॉरंटीत बहुधा बसत नाही, विमा पॉलिसीतली अट पाहावी लागते.

मागच्या काचेची नळी पुढच्या टाकीपासून छताच्या किंवा उंबऱ्याच्या आतून डिकीच्या दारापर्यंत गेलेली असते, आणि दार उघडझाप होताना बिजागरीजवळच्या रबरी भात्यात ती दर वेळी वाकते. तिथे ती तुटली किंवा सांध्यातून निसटली की पाणी गाडीच्या आत पडते. छताच्या अस्तरावर मागच्या कोपऱ्यात पिवळसर डाग, डिकीच्या गालिच्याखाली ओल, बंद गाडीत कुबट वास ही त्याची लक्षणे. वर ज्या दोन अपवादांचा उल्लेख केला त्यांतला हा पहिला. मागच्या भागात विद्युत जोड आणि नियंत्रक असू शकतात, म्हणून अशी ओल दिसताच मागचा वॉशर वापरणे पूर्ण बंद करून गाडी दाखवावी. मागची काच काही दिवस कापडाने पुसलेली परवडते.

दुसरा अपवाद कूलंटचा. विजेच्या गाडीच्या बॉनेटखाली पारदर्शक बाटल्या एकाहून जास्त असतात: बॅटरीच्या कूलंटची, मोटर आणि इन्व्हर्टरच्या कूलंटची, ब्रेक ऑइलची, आणि वॉशरच्या टाकीचे तोंड. कुठला द्रव गळतो आहे हे रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून ओळखावे. कूलंट बोटांना चिकट, किंचित तेलकट लागते, वाळल्यावर रंगीत डाग ठेवते आणि त्याची बाटली उतरलेली दिसते. बोट चाखून पाहण्याचा जुन्या गॅरेजमधला प्रकार करू नये, कूलंट विषारी असते. उन्हाळ्यात गाडीत बसण्याआधी मोबाइलवरून एसी चालू केला असेल, तर खाली पडलेले स्वच्छ पाणी बहुधा एसीचेच असते आणि त्याची काळजी नको. याउलट, दर आठवड्याला पाणी भरण्याच्या सवयीत कोणी वॉशरचे पाणी चुकून कूलंटच्या बाटलीत ओतले, तर मात्र प्रकरण गंभीर होते. काही गाड्यांत बॅटरीसाठी कमी विद्युतवाहकतेचे खास कूलंट असते, आणि नळाचे पाणी किंवा फेसाळ द्रावण त्यात मिसळणे चालत नाही. असे झाल्यास गाडी चालू करू नये, चार्जिंगलाही लावू नये आणि टो करून न्यावी. वॉशरच्या झाकणावर काच आणि कारंज्याचे चिन्ह असते. घरात गाडी एकाहून जास्त जण भरत असतील, तर त्या झाकणावर रंगीत पट्टी चिकटवून ठेवा.

टाकीत काय भरावे हाही तुमच्या भागात महत्त्वाचा मुद्दा आहे. बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असते. त्यातले क्षार नोझलच्या बारीक छिद्रात आणि पंपाच्या पडद्यावर बसतात, आणि काचेवर वाळलेले पांढरे ठिपके काढायला पुन्हा फवारा लागतो. आरओ फिल्टरमधून वाया जाणारे पाणी तर मुळीच वापरू नका, त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. भांड्यांच्या साबणाने फेस होतो आणि काचेवर थर राहतो. आरओचे शुद्ध पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात बाटलीवर दिलेल्या प्रमाणात वॉशरचे द्रावण, एवढे पुरेसे आहे. नुसते पाणी आठवडेच्या आठवडे उबदार टाकीत ठेवणेही चांगले नाही: ब्रिटनच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीने २०१० मध्ये, द्रावणाशिवाय नुसते पाणी भरलेल्या वॉशरचा लिजिओनेला या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूच्या संसर्गाशी संबंध आढळल्याचे सांगितले होते. गोठणरोधक द्रावणाची महाराष्ट्रात गरज नाही. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हिशेब निराळा आहे. तिथे हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून जाताना टाकी आठवड्यात संपणे अगदी नेहमीचे आहे.

घरी तपासताना गाडी बंद आणि चार्जिंगची पिन काढलेली असावी, कारण चार्जिंग चालू असताना पुढचा पंखा कधीही फिरू लागतो. टाकीपर्यंत पोहोचण्यासाठी चाकाच्या कमानीतले लायनर, म्हणजे आतले प्लॅस्टिकचे आवरण, काढावे लागत असेल तर जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. तळाशी बॅटरीची पेटी असते आणि तिच्याखाली जॅक लावला तर काही रुपयांच्या ग्रॉमेटसाठी लाखांचे नुकसान होईल. पुढच्या भागात प्रेशर पंपाची धार मारून ‘कुठून गळते ते बघू’ असे करणेही टाळावे. माझ्या मते लायनर काढण्याचे काम गॅरेजवर सोडावे आणि मोजण्या मात्र स्वतः कराव्यात.

सर्व्हिस सेंटरला तिसऱ्यांदा जाताना ‘पाणी लवकर संपते’ एवढेच सांगू नका. जॉब कार्डवर लिहून घ्या की टाकी पूर्ण भरून दर सेकंदाला इतके मिलिलिटर खर्च होतात, दोन दिवस उभ्या गाडीत पातळी इतकी उतरते किंवा उतरत नाही, आणि पुढचा फवारा मारताना मागच्या नोझलला थेंब येतो किंवा येत नाही. पंप चालू ठेवून, तळाचा पत्रा आणि लायनर काढून तपासणी करावी असेही लिहायला सांगा. बॅटरीवर बहुधा आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते म्हणून वॉशरचा पंपही तीत येतो असे समजू नका. तो गाडीच्या सर्वसाधारण वॉरंटीत येतो, आणि दीड वर्षाच्या गाडीची ती अजून शिल्लक असायला हवी. पंप बदलून मिळाला तर गाडी ताब्यात घेण्याआधी तिथेच मागची काच कोरडी पुसून पुढचा फवारा मारून पाहा, आणि घरी आल्यावर वीस सेकंदांची मोजणी पुन्हा करा. आकडा ४० च्या खाली आणि मागची काच कोरडी असेल, तर उरलेला खर्च नगर रस्त्याच्या धुळीचा आहे, आणि महिन्याकाठी पाच लिटरचे दोन कॅन डिकीत ठेवण्याची तयारी असू द्या.